पौर्णिमेला पिल्लांनी काय खायचे

नाखोन चाइसी
५ ऑगस्ट

थियन बाळा,

त्रिरत्नाच्या छायेत तू सुखरूप असशील असे धरून लिहिते. तुझा पत्ता नोपने दिला. तो तुझा मित्र आहे, त्याच्यावर रागावू नकोस. मी तीन दिवस त्याच्या सायकलच्या दुकानासमोर छत्री घेऊन उभी राहिले, गिऱ्हाईक बिचकायला लागले, तेव्हा त्याने दिला. कोळंबीच्या कारखान्यात दिवसभर बर्फात हात घालावे लागतात असे म्हणाला. झोपताना हातांना खोबरेल लावत जा.

हे पत्र तुला परत बोलावण्यासाठी नाही. ते मी नऊ महिने केले नाही, आताही करणार नाही. हे माशांबद्दल आहे.

काल चुआकाका आले. सायकल हाताने ढकलत आले, कारण मोतीबिंदूमुळे त्यांना आता कालव्याची कड दिसत नाही. कापडी पिशवीतून दोन बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या, मध्ये पुठ्ठा लावलेला. मी दुरूनच ओळखले. निळा, आणि शेपटीला पांढरी कड.

“हा थियनचा,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी वाण बघायला म्हणून त्याने मला जोडी दिली होती. तू तळ्यात सोडलेस त्यांचाच हा भाऊ.”

“माझ्या दारात हे मासे नकोत, काका.”

“का?”

“झुंजीचे आहेत. ह्यांच्यापायी आमची पपनसाची बाग गेली.”

“बाग सवेंगने पैजा लावून घालवली. तुझ्या नवऱ्याने. मी शेजारी बसून बघत होतो, मला विचार. पोराने एकही मासा कधी झुंजीला लावला नाही. तो ती पांढरी कड आणायला सात वर्षं बसला होता.”

“मला ते कुठे माहीत होतं?”

“बरं. आता कळलं ना.”

त्यांना जोडी स्वतःकडेच ठेवायची होती. पण त्यांच्या डोळ्यांना पिल्लू दिसत नाही, आणि महिनाअखेरीस ते लेकीकडे राचबुरीला जाणार आहेत, ऑपरेशनला. नर दीड वर्षाचा झाला आहे. “हा माझ्यासारखा झालाय,” ते म्हणाले. “एकदा घरटं बांधेल, दुसऱ्यांदा नाही बांधायचा. ह्याची पिल्लं जगली तर थियनचा वाण राहिला. नाहीतर संपला, पोरी. दुसरीकडे कुठेच नाही.”

त्या दिवसाचे मी लिहिणार नव्हते, पण आता विषय निघालाच. तुझे वडील गेल्याच्या शंभराव्या दिवशी मी तुझे त्रेचाळीस मासे विहाराच्या तळ्यात सोडले आणि मुक्या जिवांना मोकळे करण्याचे पुण्य त्यांच्या नावे केले. आपल्याकडे कोण करत नाही? तू कामावरून आलास, रिकाम्या बाटल्या पाहिल्यास आणि कपडे भरून निघून गेलास. तुझ्या जिवाला बरे वाटावे म्हणून सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावर जाऊन आले होते. छान पसरले होते सगळीकडे.

जोडी मी ठेवून घेतली. बैठकीतल्या तुझ्या काचेच्या टाकीत कांदे-लसूण ठेवत होते, ते काढले. तीनदा धुतली. साबण लावायचा नाही एवढे मला आठवत होते.

आई

१२ ऑगस्ट

थियन,

पिल्ले झाली.

चुआकाकांनी सांगितले तसे सगळे केले आणि लिहून ठेवले. घरखर्चाच्या वहीत डाव्या पानावर तांदूळ-भाजी, उजव्या पानावर मासे. टाकीत चार बोटे पाणी, तेही रांजणात दोन दिवस बसलेले. जंगली बदामाची वाळलेली पाने विहाराच्या आवारातून वेचून आणली आणि पाण्याला चहाचा रंग येईपर्यंत घातली. वर केळीच्या पानाचा तुकडा तरंगत सोडला. मादीला काचेच्या ग्लासात घालून तो ग्लास टाकीच्या मधोमध उभा केला, म्हणजे तिला बाहेरचा नर दिसेल पण तो तिला चावू शकणार नाही. दोन दिवस तो तिच्यापुढे पंख पसरून मिरवत होता आणि मधूनमधून जाऊन पानाखाली बुडबुड्यांचे घरटे रचत होता.

शेजारच्या लमयताई रोज पाहायला येतात. म्हणाल्या, “बघ, बाप्या घर बांधतोय आणि बाई ग्लासात बसून नाक मुरडतेय. आमच्या घरी असं एकदा तरी व्हायला हवं होतं.”

परवा मादीच्या अंगावर उभे पट्टे आले तेव्हा तिला सोडली. चुआकाका टाकीला कान लावल्यासारखे बसले होते आणि मला विचारत होते.

“काय दिसतंय?”

“त्याने तिला विळखा घातलाय. अंडी पडतायत. रव्याच्या कणाएवढी.”

“तो उचलतोय का?”

“तोंडाने उचलतोय.”

“खातोय की वर ठेवतोय?”

“ठेवतोय. बुडबुड्यांत ठेवतोय.”

“छान. तिच्याकडे लक्ष ठेव. ती बाजूला सरली की लगेच काढ. तेव्हा भाताखालचा जाळ बघायला उठू नकोस.”

काढली, पण तेवढ्यात त्याने तिचा पंख फाडलाच. बदामाच्या पानाच्या पाण्यात वेगळी ठेवली आहे. जगेल असे काका म्हणतात.

आज सकाळी पाहिले तर घरट्याखाली शेपट्या लोंबत होत्या. शेवईच्या तुकड्याला डोळे फुटावेत तशी पिल्ले. ती सारखी खाली पडतात, आणि तो खाली जातो, एकेकाला तोंडात धरतो, वर नेऊन पुन्हा फेसात थुंकतो. की परत दुसरे पडते. त्याने दोन दिवसांत काही खाल्लेले नाही. मी बघत बसले आणि भात लागला. बाप इतका राबताना ह्या घरात मी पहिल्यांदा पाहिला. हे गेलेल्या माणसाबद्दल लिहायला नको होते. पण खोडत नाही, शाई वाया जाते.

आज १२ तारीख, मातृदिन. लमयताईंच्या नाती सकाळी आईच्या पाया पडल्या आणि उरलेला एक मोगऱ्याचा गजरा मला देऊन गेल्या. मी तो बुद्धमूर्तीपुढे ठेवला. तारखेवरून आठवले म्हणून लिहिले, दुसरे काही नाही.

तू उत्तर दिले नाहीस. पत्ता बरोबर आहे असे नोप शपथेवर सांगतो.

आई

२० ऑगस्ट

थियन,

हे पत्र लिहायला मी दोन दिवस बसते आणि उठते आहे. सरळ सांगते. पिल्ले मेली. सगळी नाहीत, पण बरीच.

१५ तारखेला ती आडवी पोहायला लागली. काका म्हणाले, “आता नर काढ. आजपर्यंत बाप होता, उद्यापासून त्यांना खाईल.” काढला. दोन दिवस उकडलेल्या अंड्याचा बलक, हरभऱ्याच्या डाळीएवढा, कापडातून पिळून घातला. मग काका म्हणाले, आता जिवंत खाऊ हवा, नाहीतर पोटे भरतात पण वाढ होत नाही. त्यांच्या परसातल्या सिमेंटच्या टाकीतून लाल पाणपिसवा आणल्या. तू शाळेत असताना त्यांची पिशवी सायकलला लटकवून आणायचास आणि मी तुला ती घरात आणू देत नव्हते, त्याच त्या. कपभर पाण्यात इतक्या की पाणी मसुरीच्या आमटीसारखे दिसते. सगळ्या हलणाऱ्या, सगळ्या जिवंत.

मी चमचा हातात धरून उभी राहिले.

“घाल की,” काका म्हणाले.

“काका, हे हजारो जीव आहेत.”

“पाप खाणाऱ्याचं. मासा काही शील घेऊन जन्मला नाही.”

“आणि वाढणारीचं?”

“वाढणारीचं थोडंसं. तेवढं सोस.”

१७ तारखेला सोसले. दोनदा घातल्या आणि दोन्ही वेळा हात जोडून त्यांची क्षमा मागितली. पिल्लांची पोटे केशरी झाली. पाहायला छान वाटत होते, आणि छान वाटते आहे ह्याचीच भीती वाटत होती.

१८ ला पौर्णिमा. वर्षावासातली पौर्णिमा मी बावीस वर्षांत चुकवलेली नाही, तू तापाने फणफणला होतास तेव्हाही नाही, हे तू मला एकदा बोलूनही दाखवले आहेस. अष्टशील घेऊन पांढऱ्या कपड्यांत विहारात राहायचे आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घरी यायचे. ज्या तोंडाने जीवहत्या करणार नाही म्हणायचे, त्याच सकाळी त्याच हाताने पाणपिसवा कशा ओतायच्या? नाही ओतल्या. पण पिल्ले दिवसभर उपाशी राहतील म्हणून जायच्या आधी बलक घातला. रोजच्यापेक्षा जास्त. खरे सांगायचे तर चौपट. दिवसभर विहारात बसून मी पुण्याचा वाटा त्या पिल्लांनाही दिला.

१९ ला सकाळी दार उघडले तर वास आला. पाणी ताकासारखे झाले होते. तळाशी पांढरा थर होता, तो बलकाचा वाटला. बलकाचा नव्हता.

मग दुसरी चूक. ते नासके पाणी डोळ्यांपुढे नको म्हणून मी सगळे उपसले आणि रांजणातले पावसाचे स्वच्छ पाणी भरले. तासाभरात उरलेल्यांतलीही बुडायला लागली. माझा स्वच्छतेचा सोस तुला माहीत आहे.

एकशे अठ्ठावन्न. चमच्याने काढली तेव्हा मोजली. बावन्न उरली आहेत.

काकांनी विचारले, “बलक किती?” मी सांगितले. “आणि पाणी?” तेही सांगितले. ते रागावले असते तर बरे झाले असते. नुसते म्हणाले, “मी तुला आधीच सांगायला हवं होतं. मला वाटलं हे तर कुणालाही माहीत असतं.”

ते २२ ला राचबुरीला जातील. पुढचा उपोसथ, पुन्हा अष्टशीलाचा दिवस, २६ ला, वद्य अष्टमीचा. त्या दिवशी ह्या बावन्न पिल्लांनी काय खायचे? तुला विचारायला मला तोंड नाही. तरी विचारते, कारण दुसरे कोणी नाही.

आई

२७ ऑगस्ट

थियन,

तुझे कार्ड २५ ला दुपारी आले. ते इथे उतरवते, म्हणजे पोस्टात काही पुसले असेल तर तुला कळेल:

“पाणी सगळं बदलायचं नाही. रोज तळातून वाटीभर काढ, तेवढंच शिळं घाल, हळू. बलक बंद. टाकीवर काच ठेव, फट नको. वरची हवा गार लागली की ह्या वयात मरतात. पाणपिसवा दिवसातून दोनदा. उपोसथाला पण.”

वर ‘आई’ नाही, खाली नाव नाही. शेवटचे दोन शब्द मी किती वेळा वाचले ते लिहीत नाही.

काच ठेवली. पहिल्या दिवसापासून मी टाकी उघडी ठेवत होते, त्यांना वारा लागावा म्हणून. तेव्हापासून एकही मेले नाही.

काल सकाळी लमयताई पांढरे कपडे घालून फाटकाशी आल्या. डबा, फुले, सगळे घेऊन.

“अगं, अजून पांढरे कपडे नाही घातलेस? सूत्रपठण सुरू होईल.”

“मी येत नाहीये, ताई.”

“ताप आहे का?”

“नाही.”

“मग?”

“पिल्लं आहेत.”

“माशांची?”

“माशांचीच. माझ्याकडे दुसरी कुठली आहेत?”

“बुनरुअन, माझी सून बाळंत झाली त्या दिवशीसुद्धा मी आले होते.”

“तुमच्या सुनेजवळ तिची आई होती,” मी म्हटले. त्या गेल्या. मी आत येऊन पाणपिसवा गाळल्या, घातल्या. दुपारी पुन्हा घातल्या. हात जोडले नाहीत. एकीकडे घालायच्या आणि एकीकडे त्यांनाच क्षमा मागायची हे मला लबाडीचे वाटायला लागले होते.

आज सकाळी मोठे भंते भिक्षेला आले. मी पात्रात भात वाढला. ते सहसा बोलत नाहीत, पण थांबले.

“उपासिके, काल दिसली नाहीस.”

मी सांगितले. पाणपिसवांचेही सांगितले.

“म्हणजे शील मोडलं.”

“हो, भंते.”

“पुढच्या अष्टमीला?”

“मोडीन.”

त्यांनी पात्राचे झाकण लावले. “बरं,” म्हणाले. “निदान खोटं बोलत नाहीस.” आणि पुढच्या घरी गेले.

ते खरे नाही, थियन. मी चौथे शील तुझ्याशी मोडले आहे, तेही पत्रात, शाईने. दोनदा.

पहिले खोटे: मला माहीत नव्हते, हे. मला माहीत होते. तू दहावीत होतास तेव्हा मला स्वयंपाकघरात येऊन बाटली दाखवली होतीस. म्हणाला होतास, आई, हा लढायला नाही, हा फक्त बघायला. मी म्हटले होते, छान आहे. ते मला शब्दन् शब्द आठवते. तुझे मासे झुंजीचे नव्हते हे मला त्या शंभराव्या दिवशीही आठवत होते. पण बागेत दुसऱ्याची पपनसे लागलेली दिसत होती, आणि ज्याच्यावर ओरडायचे तो माणूस राख होऊन घड्यात बसला होता. त्याच्यासमोर तर हात जोडायचे. त्रेचाळीस बाटल्या मात्र रांगेने समोर होत्या. तुझ्या वडिलांचा राग मी तुझ्या माशांवर काढला आणि त्याला पुण्य म्हटले. बायकांनी साधू, साधू म्हटले. ते मला आवडले.

दुसरे खोटे: तळे. दुसऱ्या दिवशी मी गेले होते हे खरे. बाकीचे नाही. ज्यांनी जन्मात एकमेकांना पुठ्ठ्याआडूनसुद्धा पाहिले नव्हते ते त्रेचाळीस नर मी एका पायरीवर उभी राहून एकाच जागी ओतले होते. पायरीजवळच्या उथळ पाण्यात त्यांनी एकमेकांना फाडले होते, आणि जे खोल गेले ते तळ्यातल्या मोठ्या मांगूर माशांनी खाल्ले असणार. अकरा सापडले. ते ओच्यात घालून आणले आणि न्हाणीमागे पुरले. कोणी पाहिले नाही. त्यांतले चार तेव्हाही हलत होते.

तू घर सोडलेस ते बरोबर केलेस की चूक, ते मी आता तोलत नाही. मी केले ते वाईट होते. तू क्षमा कर असे लिहिणार होते, पण ते मागितले की तुझ्यावर आणखी एक काम पडते. तेव्हा एवढेच लिहिते की मी केले, आणि मला माहीत होते.

पिल्ले आज बावन्नच आहेत.

आई

११ ऑक्टोबर

थियन,

तुझी आणखी दोन कार्डे मिळाली. मी त्या पत्रात जे लिहिले त्याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. असावेच असे नाही. त्यांतल्या पहिल्या कार्डाप्रमाणे पाणी रोज बोटभर वाढवत नेले, डासांच्या अळ्या चौथ्या आठवड्यापासून दिल्या. सप्टेंबरात पाऊस पाच दिवस थांबला नाही तेव्हा टाकीभोवती तुझी जुनी रजई गुंडाळली. तरी त्यात चौदा गेली. अडतीस आहेत, आणि आता ती पिल्ले राहिली नाहीत.

तुझा जुना नर सप्टेंबरच्या शेवटी गेला. सकाळी बाटलीत तळाशी टेकलेला होता, म्हाताऱ्या माणसासारखा. मादी त्याच्या आधीच गेली होती. तेव्हा आता जे काही आहे ते ह्या अडतिसांतच आहे.

परवा ९ तारखेला शुद्ध अष्टमी होती. पिल्ले आता एक दिवस उपाशी राहू शकतात, म्हणून मी विहारात गेले. लमयताई माझ्याशी महिनाभर तुटक वागत होत्या, पण मला पाहून खुलल्या आणि सगळ्या बायकांना सांगायला लागल्या, “ह्या पौर्णिमेला वर्षावास संपतो. ह्या वेळी बाजारातून मासे आणायला नकोत. आपल्या बुनरुअनने घरीच वाढवलेत, इतके दिवस उपोसथ मोडून. ते सोडले की सगळं फिटेल.” त्या चांगल्या मनाने बोलत होत्या, हे मला कळत होते. बायका म्हणाल्या, वा, किती छान, स्वतः वाढवून सोडायचे म्हणजे केवढे पुण्य.

मी म्हटले, “मी सोडणार नाही.”

“सगळे नको. निम्मे सोड.”

“एकही नाही. गेल्या वर्षी मी सोडलेले सगळे मेले.”

मग मी उभी राहिले आणि सांगितले. तळ्याचे, पायरीचे, ओच्यातल्या अकरांचे. बाटलीत वाढलेल्या माशाला तळे म्हणजे काय ते कळत नाही हेही सांगितले. तुझे नाव घेतले. हे सात वर्षे माझ्या मुलाने केले होते आणि मी ते एका सकाळी ओतून टाकले, असे म्हटले. आवाज वहीतले वाचून दाखवल्यासारखा निघाला.

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, “पण आपण तर दर वर्षी सोडतो.” मोठे भंते तिथेच होते. त्यांनी पुढचे पठण सुरू केले.

बाहेर पडल्यावर लमयताईंनी मला चपलांपाशी गाठले. “चारचौघींत सांगायची काय गरज होती? माझ्या कानात सांगायचं. माझं तोंड किती एवढंसं झालं.”

“कानात सांगितलं असतं तर तुम्ही माझी समजूत काढली असती, ताई. आणि मी ऐकलं असतं.”

“मी तुला इतकी वाईट वाटते?”

“वाईट नाही. गेल्या वर्षी पहिलं ‘साधू’ तुम्हीच म्हटलं होतं.”

त्या रडल्या. मीही रडले, पण घरी येऊन. काल दुपारी त्या लोणच्याच्या सोळा रिकाम्या बरण्या टोपलीत घालून घेऊन आल्या आणि ओट्यावर आदळल्या. “घासलेल्या आहेत. साबण लावलेला नाही, तुझं ते सारखं ऐकून ऐकून पाठ झालंय.” चहा न घेता गेल्या.

बरण्या लागणारच होत्या. चार दिवसांपासून नर एकमेकांना पंख फुगवून दाखवायला लागले आहेत. चुआकाका राचबुरीहून परत आले, एका डोळ्याने आता दिसते. त्या डोळ्याला त्यांनी भिंग लावले आणि टाकीपुढे मांडी घालून बसले. “हा नर. हा नर. ही मादी. हा काढ, हा भांडकुदळ आहे, शेजाऱ्याचं शेपूट कुरतडतोय.” सोळा नर निघाले. प्रत्येकाला वेगळी बरणी, मध्ये पुठ्ठे, वर जाळी. बावीस माद्या टाकीत एकत्र आहेत, त्यांचे आपसात बरे चालले आहे.

तुझ्या दुसऱ्या कार्डात एकच ओळ होती, “कड पांढरी आली का?” त्याचे उत्तर काकांनी डोळ्याला भिंग लावूनच दिले आणि मी त्यांच्यादेखत लिहून घेतले. सात नरांना पूर्ण आली आहे, शेपटीपासून खालच्या पंखापर्यंत, कुठे तुटलेली नाही. तिघांना अर्धी. उरलेल्यांना नाही. काका म्हणतात की सातांतला एक तुझ्या मूळ नरापेक्षाही चांगला आहे. त्यांना गेल्या वर्षी असा दिसला असता तर त्यांनी तुझ्याकडून चोरला असता, असेही म्हणाले. ते तुला कळवायला सांगितले आहे.

बँकॉकचा एक व्यापारी कुठून तरी कळून आला होता. त्याला फाटकाबाहेरूनच परत पाठवले. हे मासे तुझे आहेत. कोणाला द्यायचे, कोणाला ठेवायचे ते तू ठरवायचेस, तिथून ठरव किंवा इथे येऊन ठरव. मी ठरवणार नाही. मी एकदा ठरवले होते.

काका म्हणतात, नीट ठेवले तर हे दोन वर्षे जगतात, पण जोडी लावायची तर पहिल्या वर्षातच लावायला हवी. म्हणजे तुझ्याजवळ पुढच्या ऑगस्टपर्यंत वेळ आहे. त्यानंतरही आहे, कारण तू आला नाहीस तर मी त्या चांगल्या नराची जोडी लावीन आणि त्याची पिल्ले वाढवीन. बलक किती घालायचा ते आता मला माहीत आहे.

आई